साथीच्या उंबरठ्यावर

नदीकाठच्या गावांना पुराची सवय असते. पावसाळ्यात पाणी चढू लागले, की जाणती माणसे घाटाच्या पायऱ्या मोजतात. अमुक पायरी बुडाली म्हणजे गुरे सोडावयाची, तमुक पायरी बुडाली म्हणजे धान्य माळ्यावर चढवावयाचे, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. साथीच्या रोगाचे तसे नाही. तो गावात शिरतो तेव्हा त्याची पावले वाजत नाहीत. पहिले दोन-चार रोगी दिसतात, तेव्हा हा साधा ताप आहे, की पुढे हजारो घरांत आकांत उडविणाऱ्या महामारीचा आरंभ आहे, हे कोणालाही ठामपणे सांगता येत नाही.

अशा वेळी समाजात दोन मते निघतात. काही म्हणतात, “आताच सर्व व्यवहार थांबवा, उद्या उशीर होईल.” काही म्हणतात, “दोन-चार रोग्यांसाठी बाजार, शाळा, गिरण्या कशा बंद ठेवाव्या? हातावर पोट असणाऱ्यांनी खावे काय?” या दोन्ही मतांत तथ्य असते, आणि म्हणूनच निर्णय कठीण असतो. हा पेच आपल्याच महाराष्ट्रापुढे सव्वाशे वर्षांपूर्वी कसा उभा राहिला आणि त्यातून लोक काय शिकले, ते आपण पाहू.

मुलांनो, इसवी सन १८९६ मधील मुंबई डोळ्यांसमोर आणा. शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. कापडाच्या गिरण्यांचे भोंगे पहाटेस वाजत. कोकणातून व देशावरून आलेले हजारो मजूर चाळींतील अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. बंदराला लागून असलेला मांडवी हा भाग धान्याच्या वखारींनी गजबजलेला असे. देशोदेशींची जहाजे येत, पोती उतरत, पोती चढत. आणि जेथे धान्य तेथे उंदीर, हे सांगावयास नकोच.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एक विलक्षण ताप दिसू लागला. रोग्याला हुडहुडी भरून ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ उठे, आणि थोड्याच दिवसांत बहुतेक रोगी दगावत. त्या भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस हे वैद्यकीचा व्यवसाय करीत. ते मूळचे गोव्याचे असून मुंबई महानगरपालिकेचे सभासदही होते. त्यांनी रोग्यांना तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. एवढ्यावरच न थांबता त्यांनी ही गोष्ट महानगरपालिकेच्या कानी घातली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारताच काय होणार, हे सर्वांना ठाऊक होते. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे या रोगाने हाहाकार उडविला होता. मुंबईत प्लेग आहे असे जगाला कळले, की परदेशी बंदरे येथील जहाजे अडवून ठेवणार, माल पडून राहणार, व्यापाऱ्यांचे दिवाळे निघणार, आणि घाबरलेले लोक शहर सोडून पळणार. त्यामुळे, “निदान पक्के होईपर्यंत थांबावे,” असे म्हणणारे लोक पुष्कळ निघाले. ते सर्वच काही स्वार्थी नव्हते. निदान चुकीचे ठरले असते, तर गोरगरिबांची रोजी विनाकारण बुडाली असती, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

तथापि डॉक्टर व्हिएगस यांचे म्हणणे अधिक वजनदार होते. व्यापार आठ दिवस थांबला तर तो पुन्हा सुरू करता येतो. परंतु रोग आठ दिवस मोकाट सुटला, तर त्याला मागे बोलावता येत नाही. दोन चुकांपैकी कोणती चूक सुधारता येण्याजोगी आहे, हे पाहणे हाच शहाणपणाचा पहिला नियम होय. पुढे इतर तज्ज्ञांनीही तपासणी केली आणि व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

रोग ओळखला गेला. परंतु त्याची वाट ओळखली गेली नव्हती. प्लेगचा सूक्ष्म जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सां या शास्त्रज्ञाने शोधून काढला होता. पण तो जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे १८९६ मध्ये उलगडलेले नव्हते. घाणीतून, दूषित हवेतून तो पसरत असावा, असा पुष्कळांचा समज होता. म्हणून महानगरपालिकेने गटारे खळाळून धुवून काढली, जंतुनाशक औषधांचे फवारे मारले, घरांना चुन्याची सफेदी दिली. घराघरांत उंदीर मरून पडत होते, ही गोष्ट लोकांच्या नजरेस आली होती. पण तिचा खरा अर्थ अजून लागावयाचा होता. अपुऱ्या ज्ञानावर विसंबून निर्णय घ्यावे लागतात, हीच साथीच्या आरंभीची मोठी अडचण असते.

ऑक्टोबर महिन्यात महानगरपालिकेच्या आयुक्तांनी एक कडक हुकूम काढला. प्लेगचा रोगी सापडताच त्याला घरातून हलवून रुग्णालयात वेगळे ठेवण्याचा अधिकार त्या हुकमाने मिळाला. कागदावर हा उपाय योग्य दिसत होता. लागण झालेल्या माणसाला इतरांपासून दूर ठेवणे, ही सावधगिरीच होय. परंतु चाळीत राहणाऱ्या मजुराच्या डोळ्यांनी त्याकडे पाहा. रुग्णालयात नेलेली माणसे क्वचितच परत येत. रोग बरा करणारे औषध नव्हतेच. आपल्या बापाला किंवा आईला अनोळखी माणसे उचलून नेतात, अखेरच्या घटकेला जवळ बसू देत नाहीत, आणि मग फक्त मृत्यूची वार्ता येते, हे त्याला कसे सहन व्हावे? पाहता पाहता अफवा पसरल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडवरील रुग्णालयावर चालून गेला.

त्याच सुमारास आणखी एक धोका उभा राहिला. शहरातील सफाई कामगार घाबरून मुंबई सोडण्याच्या बेतात आहेत, अशी चिन्हे दिसू लागली. ते निघून गेले असते, तर काही दिवसांतच शहर राहण्यालायक उरले नसते. ज्यांच्या कामाकडे एरवी कोणी मान वळवून पाहत नव्हते, त्यांच्यावरच साऱ्या नगरीचे प्राण अवलंबून आहेत, हे संकटाने दाखवून दिले. अखेर हुकूम सौम्य करण्यात आला. जो उपाय लोकांना रोगी लपविण्यास आणि शहर सोडून पळण्यास लावतो, तो कितीही कडक असला तरी त्याला सावधगिरी म्हणता येत नाही, हा धडा मुंबईने पहिल्या दोन महिन्यांतच घेतला.

पण भीतीचा प्रवाह सुरू झाला होता. हिवाळ्यात रोग वाढला तशी आगगाडीची स्थानके आणि कोकणात जाणाऱ्या बोटी माणसांनी भरून वाहू लागल्या. १८९७ च्या आरंभापर्यंत लाखो लोक मुंबई सोडून गेले होते. गिरण्यांत माणसे मिळेनात. जे मजूर राहिले त्यांना टिकविण्यासाठी रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. पळणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. जीव कोणाला प्यारा नसतो? परंतु त्या पळापळीबरोबर रोगही नव्या नव्या गावी जाऊन पोहोचला. एका माणसाची सावधगिरी कधी कधी दुसऱ्या गावाचे संकट होते, हे विसरून चालत नाही.

याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत एक शास्त्रज्ञ रात्रंदिवस झटत होता. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन. ते रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मले होते आणि कॉलऱ्यावरील लशीमुळे त्यांचे नाव हिंदुस्थानात माहीत झाले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगवर लस तयार केली. ती इतरांना टोचण्यापूर्वी १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले. पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली, आणि लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी आढळले. ही लस अचूक नव्हती. तरीही तिने अनेकांना आशा दिली. व्यवहार पूर्ण बंद ठेवणे किंवा डोळे मिटून चालू ठेवणे, या दोहोंखेरीज तिसरा मार्गही असू शकतो, हे विज्ञान दाखवू लागले होते. परळ येथील हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव धारण करीत उभी आहे.

आता पुण्याकडे वळू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला. या कायद्याने अधिकाऱ्यांना फार मोठे अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग वाढताच वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाती कारभार सोपविण्यात आला. रोगी शोधण्यासाठी त्याने गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर पाठविल्या. सैनिक स्वयंपाकघरात व देवघरात शिरतात, स्त्री-पुरुषांची तपासणी करताना त्यांची अब्रू पाहत नाहीत, सामानसुमान रस्त्यावर फेकून जाळून टाकतात, अशा तक्रारी सर्वत्र उठल्या. रोग आटोक्यात आणण्याचा हेतू चांगला असेल. पण ज्यांच्यासाठी तो उपाय करावयाचा, त्या लोकांना विश्वासात घेण्याची आवश्यकता राज्यकर्त्यांना वाटली नाही. लोक रोगापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. असंतोष इतका पेटला, की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट हे अधिकारी मृत्यू पावले, आणि पुढे चापेकर बंधूंनाही फाशी झाली. एका रोगाने इतके बळी घ्यावेत, हे दुःख होतेच. त्यात माणसांनी माणसांच्या मनात निर्माण केलेल्या द्वेषाची भर पडली.

त्याच पुण्यात आणखीही काही माणसे होती. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या जुलमी रीतीवर कडाडून टीका केली. पण टीका करून ते स्वस्थ बसले नाहीत, की शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले आणि लोकांना विश्वास वाटेल असे रुग्णालय उभारण्यासाठी खटपट केली. उपाय योग्य असेल आणि त्याची रीत अयोग्य असेल, तर रीत सुधारावी. उपायच टाकून देऊ नये, असा विवेक त्यांनी दाखविला.

सावित्रीबाई फुले यांची कथा तर हृदयाला चटका लावणारी आहे. त्या वेळी त्यांचे वय पासष्टाच्या पुढे गेले होते. त्यांचे पुत्र यशवंतराव हे डॉक्टर होते. मायलेकांनी पुण्याबाहेर मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. ज्या रोग्यांना शिवावयास कोणी धजत नसे, त्यांना सावित्रीबाई तेथे आणीत. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांना धोका कळत नव्हता काय? पुरता कळत होता. म्हणूनच तर दवाखाना वस्तीबाहेर होता. रोगाला दूर ठेवावयाचे, पण रोग्याला दूर लोटावयाचे नाही, हा भेद त्यांनी आचरणाने शिकविला.

हळूहळू सरकारलाही शहाणपण आले. १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगा उसळल्यावर बळजबरीची रीत मागे पडू लागली. निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालये चालविण्यास उत्तेजन मिळाले. लस ज्याला हवी त्याने घ्यावी, असे धोरण ठरले. त्याच वर्षी कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने मोठा शोध लावला. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवांमधून पसरतो, असे त्याने प्रयोगाने दाखविले. आरंभी पुष्कळांनी त्याकडे दुर्लक्ष केले. पण पुढील काही वर्षांत ते मत सिद्ध झाले. प्लेगच्या रोग्यापेक्षा मेलेल्या उंदराच्या घरात राहणे बहुधा अधिक धोक्याचे होते, हे आता कळले.

हे ज्ञान जसे पसरले तशी खेड्यापाड्यांनी एक साधी युक्ती अंगीकारली. घरात उंदीर पडू लागले, की माणसे घरे मोकळी करीत आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. शेतीची कामे चालू राहत, चुली पेटत, गुरांना वैरण मिळे. फक्त धोक्याची जागा तेवढी सोडलेली असे. साथ ओसरली, की लोक घरी परतत. तुमच्या गावातील वृद्धांनी आपल्या आजी-आजोबांकडून या झोपड्यांच्या हकिगती ऐकल्या असतील. धोका नेमका कोठे आहे हे समजले, म्हणजे सारे जीवन थांबवावे लागत नाही. नेमके तेवढेच टाळता येते. ज्ञान वाढते तशी सावधगिरीची किंमत कमी होते.

तरीही या साथीने पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. परंतु नव्या साथी येतच असतात. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महामारी असल्याचे सांगितले. २५ मार्चपासून आपल्या देशात २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली आणि पुढे ती वाढत गेली. त्या वेळी १८९७ चाच कायदा पुन्हा उपयोगात आला. मांडवीत विचारले गेले तेच प्रश्न घराघरांत विचारले गेले. शाळा किती दिवस बंद ठेवाव्या? आजीला भेटावयास जावे की न जावे? रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करावे? टाळेबंदीमुळे रोगाचा वेग मंदावण्यास अवधी मिळाला. पण काम गेलेले हजारो मजूर मुलाबाळांना घेऊन शेकडो मैल पायी चालत गावी गेले, हेही त्याच दिवसांतील सत्य आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, आणि पुढे हळूहळू शाळांचे दरवाजे उघडले.

“तहान लागल्यावर विहीर खणू नये,” असे आपली म्हण सांगते. आणि “अति तेथे माती” असेही आपलीच म्हण सांगते. यांपैकी कोणती म्हण केव्हा लागू करावी, हे मात्र कोणतीही म्हण सांगत नाही. ते आपल्याच विचाराने ठरवावे लागते. त्यासाठी काही प्रश्न मनाशी विचारावे. हा उपाय केला नाही तर होणारी हानी भरून येण्याजोगी आहे काय? उपायाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, आणि त्याला आपण हात देतो काय? आज नवे काही कळले, तर कालचा निर्णय बदलण्याची आपली तयारी आहे काय? आणि ज्यांनी तो पाळावयाचा, त्यांना त्याचे कारण समजावून सांगितले आहे काय?

मुंबईत धोबीतलावाजवळ डॉक्टर व्हिएगस यांचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्यावरून रोज हजारो माणसे आपापल्या कामास जातात. कटू सत्य वेळेवर बोलणारा एक माणूस, ते सत्य ऐकणारे अधिकारी, आणि एकमेकांना न टाकणारे शेजारी, एवढी तीन बळे ज्या नगरापाशी असतील, ते नगर साथीच्या उंबरठ्यावर गोंधळेल, पण कोसळणार नाही.

स्वाध्याय

१. डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचे निदान जाहीर केले, तेव्हा “निदान पक्के होईपर्यंत थांबावे,” असे काही लोक का म्हणत होते? त्यांच्या म्हणण्यातील खरा भाग कोणता?

२. मुंबईतील कडक हुकूम सौम्य का करावा लागला?

३. “रोगाला दूर ठेवावयाचे, पण रोग्याला दूर लोटावयाचे नाही.” सावित्रीबाईंच्या कार्याच्या आधारे हे वाक्य स्पष्ट करा.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : हाहाकार उडविणे, विश्वासात घेणे, हृदयाला चटका लावणे, हातावर पोट असणे.

५. विचार करा : तुमच्या गावात एका नव्या रोगाचे चार रोगी आढळले आहेत आणि आठवड्याने गावची जत्रा आहे. जत्रेत दुकाने मांडणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही सरपंच असता, तर काय केले असते? दोन्ही बाजू मांडून दहा-बारा ओळी लिहा.

६. २०२० सालच्या टाळेबंदीत घरी काय काय बदलले, हे आपल्या घरातील मोठ्या माणसांना विचारा व त्यांची हकिगत वहीत लिहून आणा.